हर्निया असताना सायकल चालवावी का? आणि ऑपरेशननंतर पुन्हा कधी?

धुळे : जांघेत गाठ आली की गावातला माणूस आधी कुणाला सांगत नाही. जागा लाजेची असते. त्यात रोज सायकलवरून दूध घालायचं असतं, मजुरीला जायचं असतं, शेतावर चक्कर मारायची असते. डॉक्टरकडे गेलं तर ‘सायकल बंद, काम बंद’ असं सांगतील ही भीती मनात असते. म्हणून वर्ष वर्ष दुखणं अंगावर काढलं जातं.

खरं तर हर्निया झाला म्हणजे सायकल कायमची सुटली, असं नाही. बहुतेकांना ऑपरेशननंतर काही आठवड्यांत पुन्हा सायकल चालवता येते. सायकलपेक्षा जास्त त्रास देतं ते सायकलवरचं ओझं, आणि त्याहून जास्त नुकसान करतं ते लपवणं. हर्निया असताना काय चालतं, काय चालत नाही आणि ऑपरेशननंतर कोणत्या क्रमानं कामाला लागायचं, याची ही माहिती.

हर्निया म्हणजे नेमकं काय?

जुनी माणसं याला अंतर्गळ म्हणतात. कुणी ‘आतडं उतरलं’ असंही म्हणतं. सायकलच्या टायरवरून हे लगेच समजतं. टायर एका जागी झिजून फाटला की त्या फटीतून ट्यूबचा फुगा बाहेर डोकावतो. ट्यूब चांगली असते, टायर कमजोर झालेला असतो. पोटाचंही तसंच. पोटाची भिंत म्हणजे टायर आणि आतलं आतडं किंवा चरबी म्हणजे ट्यूब. भिंत जिथे कमजोर, तिथून आतला भाग बाहेर येतो आणि कातडीखाली गाठ दिसते.

पुरुषांमध्ये ही गाठ जास्त करून जांघेत येते. बाळ आईच्या पोटात असताना वृषण पोटातून खाली उतरतात. त्या वाटेवर जांघेतली भिंत जन्मापासूनच थोडी नाजूक राहते. पुढे वयानं, जड ओझं उचलून, जुन्या खोकल्यानं किंवा शौचाला रोज कुंथल्यानं ती आणखी सैल होते. परदेशातल्या अभ्यासांनुसार दर चार पुरुषांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होतो. म्हणजे यात लाजण्यासारखं काही नाही.

ओळख सोपी आहे. उभं राहिल्यावर, खोकल्यावर किंवा वजन उचलल्यावर गाठ दिसते, आडवं झालं की बहुतेक वेळा आत जाते. संध्याकाळी जांघेत जडपणा किंवा ओढ जाणवते. अंडकोशात पाणी भरून आलेली सूज, म्हणजे हायड्रोसील, हा वेगळा आजार आहे. दोन्हींत फरक करायचं काम डॉक्टरचं आहे, शेजाऱ्याचं नाही.

सायकलमुळे हर्निया होतो का?

सपाट रस्त्यावर, सीटवर बसून, दमानं सायकल चालवताना पोटात फारसा दाब तयार होत नाही. पोटावर खरा दाब येतो तो श्वास रोखून जोर लावताना. आता गावातली सायकल कशी चालते ते बघा. मागे कॅरिअरला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, कधी खताची गोणी, कधी चाऱ्याचा भारा. चढ आला की सीटवरून उठून पायडलवर उभं राहून जोर मारायचा. तेवढ्यानं भागलं नाही की खाली उतरून भरलेली सायकल ढकलत न्यायची. मुक्कामाला पोहोचल्यावर कॅन एका हिसक्यात खाली उतरवायचा.

चाळीस लिटरचा भरलेला कॅन चाळीस किलोपेक्षा जास्त भरतो. तो उचलताना माणूस आपोआप श्वास धरतो, पोट ताठ होतं आणि कमजोर जागेवर सगळा भार येतो. पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप भरून उचलणं, विहिरीवरची मोटर ओढणं, गाडीत गोण्या भरणं ही कामंही त्याच जातीची. म्हणून हर्निया असलेल्या माणसानं आधी ओझं सोडावं. सायकलचा विचार त्यानंतर.

ऑपरेशन होईपर्यंत सायकल चालवावी का?

गाठ लहान असेल, दुखत नसेल, आडवं पडल्यावर सहज आत जात असेल आणि डॉक्टरांनी तपासून हरकत नाही म्हटलं असेल, तर जवळच्या अंतरासाठी सायकल चालवता येते. पण काही गोष्टी पाळाव्या लागतात :

• कॅरिअरवर जड ओझं नाही, डबल सीट नाही.
• चढावर उभं राहून जोर मारू नये. उतरून चालत जावं. सायकल रिकामी असेल तर ढकलायला जड जात नाही.
• पुढे फार वाकून बसू नये. हँडल थोडं वर घेता आलं तर घ्यावं.
• सीट इतकी उंच नको की पायडल मारताना कंबर डावी-उजवीकडे हलेल.
• खड्ड्यांचा रस्ता टाळावा. टाळता येत नसेल तर सावकाश जावं.
• गाठ बाहेर आली किंवा दुखायला लागलं तर तिथेच थांबावं. सावलीत उताणं पडून गुडघे वर घ्यावेत. गाठ आपोआप आत गेली तर त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू नये.

गाठ अंडकोशापर्यंत उतरत असेल तर सीटवर बसताना ती दाबली जाते. अशा माणसानं ऑपरेशन होईपर्यंत सायकल बंदच ठेवलेली बरी.

लंगोट किंवा मेडिकलमधला हर्नियाचा पट्टा बांधला की काम झालं, असं बरेच जण समजतात. फाटलेल्या टायरवर बाहेरून चिंधी गुंडाळावी, तसा हा उपाय आहे. फुगा थोडा वेळ दबतो, भोक तसंच राहतं. गाठ आत गेलेली नसताना वरून पट्टा आवळला तर उलट इजा होऊ शकते. गोळ्या, लेप, मालिश यांनी मोठ्या माणसाचा हर्निया बुजत नाही. त्याला ऑपरेशन हाच इलाज आहे.

लगेच ऑपरेशन करावं की थांबलं तर चालतं?

यावर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला आणि २००६ साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांना हर्नियाचा त्रास नव्हता किंवा अगदी कमी होता अशा ७२० पुरुषांचे दोन गट केले. एका गटाचं ऑपरेशन केलं, दुसऱ्या गटाला डॉक्टरांच्या नजरेखाली थांबवलं. थांबलेल्यांपैकी आतडं अडकून तातडीची वेळ फारच थोड्यांवर आली, वर्षाला हजारात दोघांपेक्षाही कमी. पण दोन वर्षांत साधारण चौघांपैकी एकानं दुखणं वाढल्यामुळे ऑपरेशन करून घेतलं. दहा वर्षांपर्यंत पाहिलं तेव्हा हा आकडा दोन तृतीयांशाच्या आसपास गेला.

यातून दोन गोष्टी कळतात. दुखत नसेल तर घाईनं घाबरून जाऊ नये. पण आज ना उद्या ऑपरेशन करावं लागण्याची शक्यता जास्त आहे, तेव्हा त्याची तयारी ठेवावी. शिवाय हा अभ्यास डॉक्टरांकडे तपासणी चालू असलेल्या माणसांचा आहे. कुणालाच न दाखवता गोण्या उचलत राहणाऱ्या माणसाला त्यातला दिलासा लागू होत नाही.

बायकांच्या बाबतीत थांबू नये. त्यांच्यात जांघेच्या थोडं खाली, मांडीच्या वरच्या टोकाशी होणारा हर्निया जास्त आढळतो आणि तो अडकण्याचा धोका मोठा असतो. जांघेत गाठ दिसली की बाईनं लवकर सर्जनला दाखवावं. तान्ह्या बाळाच्या जांघेत रडताना गाठ दिसत असेल तर तिथेही उशीर नको.

ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहू नका

बाहेर आलेलं आतडं फटीत आवळलं गेलं की त्याचा रक्तपुरवठा बंद पडतो. काही तासांत आतडं काळं पडू शकतं. मग जांघेच्या छोट्या ऑपरेशनचं पोटाचं मोठं ऑपरेशन होतं आणि जिवावर बेततं. खुणा अशा :

• रोज आत जाणारी गाठ आज आत जात नाही.
• गाठ कडक झाली, हात लावू देत नाही, वरची कातडी लाल किंवा निळसर दिसते.
• अचानक जोराची कळ येते आणि थांबत नाही.
• उलट्या होतात, पोट फुगतं, शौच आणि वारा सरत नाही.

अशा वेळी गाठ जोर लावून आत ढकलू नये, कुणाकडून चोळून घेऊ नये. शेक देऊ नये. खायला-प्यायला देऊ नये, कारण भूल द्यावी लागू शकते. १०८ ला फोन करून थेट सर्जन असलेल्या रुग्णालयात जावं. अशा अवस्थेत सायकल किंवा मोटारसायकल स्वतः चालवत जाऊ नये.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

सायकलच्या दुकानात फाटक्या टायरला आतून गेटर टाकतात. डॉक्टर साधारण तेच करतात. बाहेर आलेला भाग आत सारतात आणि कमजोर जागेवर बारीक जाळी बसवतात. पुढच्या काही आठवड्यांत शरीराचे धागे त्या जाळीत वाढतात आणि भिंत मजबूत होते. ऑपरेशननंतर ओझ्याला लगेच हात लावायचा नसतो तो यासाठीच. बाहेरची जखम आठ-दहा दिवसांत भरलेली दिसते, पण आतली पकड धरायला वेळ लागतो.

ऑपरेशन दोन प्रकारे होतं. एकात जांघेत साधारण चार बोटं लांबीचा छेद घेतात. त्यासाठी कमरेत इंजेक्शन किंवा फक्त त्या जागेपुरती भूल पुरते. दुसऱ्यात दुर्बिणीतून, तीन छोट्या छिद्रांमधून जाळी बसवतात. त्याला बहुधा पूर्ण भूल लागते, पण दुखणं कमी असतं आणि माणूस कामाला थोडा लवकर लागतो. कुणाला कोणतं योग्य हे वय, दुसरे आजार आणि गाठीचा आकार बघून सर्जन ठरवतात.

जाळीची गोष्ट निघाली की आपल्या जिल्ह्याचं नाव घ्यावंच लागतं. बाजारातली जाळी महाग असल्यानं गरीब रुग्णाला ती परवडत नसे. दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी त्यावर मच्छरदाणीच्या कापडाचा मार्ग शोधला. कापड व्यवस्थित निर्जंतुक करून त्यांनी आणि इतर सर्जननी ते हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये वापरलं आणि २००३ साली आपले निष्कर्ष सर्जनांच्या नियतकालिकात मांडले. पुढे आफ्रिकेतल्या युगांडा देशात ३०२ पुरुषांवर अशा स्वस्त जाळीची आणि बाजारातल्या महाग जाळीची तुलना झाली. २०१६ साली आलेल्या त्या अहवालात वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात फक्त एकाचा हर्निया परत आला होता, महाग जाळीच्या गटात कुणाचाच नाही. हा फरक संशोधकांनी नगण्य मानला. स्वस्त जाळीचा खर्च साधारण एक डॉलर होता, महाग जाळीचा सव्वाशे डॉलर. खेड्यात काम करणाऱ्या डॉक्टरनं काढलेली वाट जगाच्या उपयोगी पडली.

ऑपरेशननंतर : आधी चालणं, मग सायकल, शेवटी ओझं

पूर्वी हर्नियाच्या रुग्णाला महिनाभर झोपवून ठेवत. आता तसं करत नाहीत. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, झेपेल तसं माणसानं लवकर रोजच्या हालचालींकडे वळावं. मात्र आपल्याकडे रोजचं काम म्हणजे खुर्चीवर बसणं नसतं, म्हणून पायरी पायरीनं गेलेलं बरं. खालचं वेळापत्रक जांघेच्या साध्या हर्नियासाठी आहे. आपल्या सर्जननी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकावं.

पहिला आठवडा : ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठून चालावं. घरात, मग अंगणात, मग गल्लीपर्यंत. उठताना सरळ न उठता आधी कुशीवर वळून हाताच्या आधारानं उठावं. खोकताना, शिंकताना जखमेवर तळवा किंवा छोटी उशी धरावी. अंडकोश सुजला किंवा निळा पडला तरी घाबरू नये, बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. इथे मात्र लंगोट किंवा घट्ट चड्डीचा आधार बरा वाटतो. सायकल नाही.

दुसरा ते चौथा आठवडा : रोज चालणं वाढवावं. दुर्बिणीचं ऑपरेशन झालेल्यांना साधारण दोन आठवड्यांनी आणि छेद घेतलेल्यांना तीन-चार आठवड्यांनी रिकामी सायकल सपाट रस्त्यावर चालवून बघता येते. सुरुवात दहा मिनिटांनी करावी. दुसऱ्या दिवशी दुखलं नाही तर थोडं वाढवावं. दुखलं तर दोन दिवस थांबावं.

चौथा ते सहावा आठवडा : नेहमीचं अंतर जाता येतं. डबा, पिशवी, पाच किलोच्या आतलं सामान चालतं. गोणी, कॅन, भारा, भरलेला पंप, डोक्यावरचा हंडा यांना अजून हात लावू नये.

सहा आठवड्यांनंतर : डॉक्टरांना दाखवून हळूहळू ओझं वाढवावं. पहिल्याच दिवशी दोन्ही कॅन लादू नयेत. दहा किलोनं सुरू करून आठवड्या-आठवड्यानं वाढवावं. कॅन उतरवायला दुसऱ्या माणसाची मदत घ्यावी किंवा एका मोठ्या कॅनऐवजी दोन लहान कॅन करावेत. उचलताना गुडघे वाकवावेत आणि श्वास रोखून न धरता सोडत उचलावं.

हर्निया फार मोठा असेल, दुसऱ्यांदा झालेला असेल किंवा पोटावरच्या जुन्या ऑपरेशनच्या जागी असेल तर हा काळ बराच लांबतो.

सायकलवर बसण्याआधी घरच्या घरी चार परीक्षा

१. जोरात खोकलं तरी जखमेत कळ येत नाही.
२. उकिडवं बसून आधार न घेता उठता येतं.
३. सायकल मेन स्टँडवर लावून, कुणाला तरी धरायला सांगून, सीटवर बसून दहा मिनिटं पायडल मारता येतं.
४. अचानक ब्रेक दाबून पाय झटकन जमिनीवर टेकवता येतो. रस्त्यात कुत्रं किंवा शेळी आडवी आली तर हेच करावं लागतं.

चारही जमलं तरच रस्त्यावर निघावं. झोप किंवा गुंगी आणणारी वेदनेची गोळी घेतली असेल तर त्या दिवशी नाही.

दांडीच्या सायकलवर टांग मारून बसताना जांघेला मोठा ताण येतो. सुरुवातीचे काही आठवडे घरातली लेडीज सायकल वापरावी, म्हणजे टांग टाकावी लागत नाही. ती नसेल तर सायकल आपल्याकडे कलती करून पाय पलीकडे न्यावा. धावत जाऊन उडी मारून बसायची सवय सोडावी. सीट अशी ठेवावी की बसल्या बसल्या पाय जमिनीला टेकेल.

मोटारसायकल सोपी वाटते, पण किक मारणं आणि गाडी मेन स्टँडवर चढवणं हे जांघेला सायकलपेक्षा जड जातं. बटण स्टार्टची गाडी, साइड स्टँड आणि चांगला रस्ता, असं असेल तरच आणि तेही ब्रेकची परीक्षा पास झाल्यावर.

पुन्हा होऊ नये म्हणून

जाळी बसवल्यावर हर्निया परत येण्याचं प्रमाण कमी आहे, पण ज्या कारणानं पहिला झाला ते कारण तसंच राहिलं तर धोका राहतो. विडी-सिगारेटचा खोकला असेल तर विडी सोडावी. शौचाला कुंथावं लागत असेल तर भाकरी, भाजी, पाणी वाढवावं. तरी फरक पडला नाही तर डॉक्टरांकडून औषध घ्यावं. वयस्कर माणसाला लघवीला जोर लावावा लागत असेल तर प्रोस्टेट तपासून घ्यावं. हे हर्नियाच्या ऑपरेशनआधीच सांगितलेलं चांगलं.

जखमेखाली काही आठवडे कडक दोरीसारखं लागतं, ते भरत आल्याचं लक्षण असतं. जवळची कातडी बधिर वाटणंही बऱ्याच जणांना होतं. पण ताप, जखमेतून पू, वाढत जाणारी सूज, लघवी अडकणं किंवा खोकल्यावर पुन्हा दिसणारी गाठ, यांपैकी काहीही असेल तर लगेच दाखवावं. तीन महिन्यांनंतरही दुखणं राहिलं तर ते सहन करत बसू नये, त्यावरही उपचार असतात.

खर्च आणि वेळ

राज्याच्या आरोग्य विभागाच्या ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र कोणतं ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात योजनेत बसतं, हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावं. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवावं.

गाठ दुखत नसेल आणि डॉक्टरांनी वेळ दिला असेल तर शेतीच्या हंगामाकडे बघून तारीख घेता येते. जूनमध्ये पेरणी धरायची असेल तर ऑपरेशन एप्रिलच्या आत झालं पाहिजे, म्हणजे सहा-सात आठवडे मोकळे मिळतात. ‘उन्हाळ्यात जखम चिघळते’ असं म्हणतात, पण जखम कोरडी आणि स्वच्छ ठेवली तर ऑपरेशन बाराही महिने होतं. दूध घालणाऱ्यानं सहा आठवड्यांसाठी कॅन वाहायला घरातला किंवा शेजारचा माणूस आधीच ठरवून ठेवावा. ही सोय आधी केली नाही की माणूस पंधराव्या दिवशीच कॅन उचलतो आणि सगळ्या खर्चावर पाणी पडतं.

सहा आठवड्यांचा रोज बुडतो हे खरं. पण अडकलेल्या आतड्याचं ऑपरेशन झालं तर त्याच्या कितीतरी पट दिवस बुडतात, आणि ते दिवस आपल्या सोयीनं निवडता येत नाहीत.